आतल्या अंगाचे दोन ठिपके

रंगनाथा, तू खोटारडा होतास. गेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात, पण होतास तू, जिवंतपणी मला बोलू दिलंस कुठं? आईची शपथ घेऊन सांगितलं होतंस, "दत्ता, तुह्या नरसिंहाला मी हात बी लावला न्हाई." आणि परवा सकाळी मी मुखवटा उलटा केला, तर आतल्या अंगाला कोळशाचे दोन ठिपके. बराबर डोळ्यांच्या जागी. त्यातला डावा जरासा खाली. तुझा डावा डोळा खालीच होता, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

म्हणजे तूच. वर्षभर मी म्हणत होतो, तूच. आणि तू माझ्या ओसरीवर बसून, माझीच सुपारी कातरत, मला वेड्यात काढत होतास.

तुला जाऊन अजून महिना झाला न्हाई. तुझ्या दारात अजून माणसं येतात, सतरंजीवर बसतात, चांगलं चांगलं बोलतात. रंगनाथ असा दिलदार, रंगनाथ तसा भोळा. भोळा म्हणे! मी कोपऱ्यात बसून ऐकून घेतो. एखाद्याला वाटत असेल, दत्तूला दुःखानं वाचा फुटत न्हाई. दुःख तर आहेच, इतकं आहे की तुझ्या दारावरून जाताना मी दुसरीकडं पाहून चालतो. पण तुला भोळा म्हणलं की मला हसू येतं. गोड बोलून दुसऱ्याच्या हातून काम काढून घेण्यात तुझा हात धरणारा आख्ख्या पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि मी ते पुरतं ओळखून होतो. तू येऊन नुसता "काय चाललंय?" म्हणलास, तरी मी सावध व्हायचो.

दुसरीकडं कशी रीत असते ते मला माहीत न्हाई, पण आपल्या गावात वैशाखात नरसिंह जयंतीला सोंगं निघतात. आधी गणपती, मंग शारदा, मंग बाकीची, आणि शेवटी खांब फोडून नरसिंह. नरसिंह व्हायचा मान तुमच्या घराकडं. त्याचा मुखवटा करायचा मान आमच्याकडं. हिरण्यकश्यपू पाटलांच्या घरातला. राक्षसाचा असला म्हणून काय झालं, पाटलांनी मान कधी सोडला न्हाई. माझा बाप होता तोवर सगळं सुरळीत होतं. बाप गेला आणि त्याच साली त्यानं केलेला मुखवटा वाळवीनं खाल्ला. माळ्यावरून काढला तर हातात नुसता भुगा आला. झालं, काम माझ्या गळ्यात पडलं.

तसं काम काय अवघड न्हाई. कचेरीतली रद्दी आणायची, भिजवायची, कुटायची. कीड लागू नये म्हणून त्यात मेथीचं पीठ घालायचं, चिंचोक्याची खळ घालून मळायचं आणि मातीच्या साच्यावर थापायचं. वाळला की वरून पांढरी माती, मंग रंग, मंग अंबाडीची आयाळ. आणि सगळ्यात शेवटी डोळे पाडायचे. हे मात्र घरात करत न्हाईत. मारुतीच्या पारावर, लोकांदेखत करतात. जो घालणार त्याच्या पापण्यांना कोळसा फासायचा आणि मुखवटा त्याच्या तोंडावर दाबायचा. आतल्या अंगाला ठिपके उमटतात, त्या ठिपक्यांत तापली सळई घालायची. एकदा डोळे पडले की करणाऱ्यानं मुखवट्याला परत हात लावायचा न्हाई. नाक वाकडं असो, कान फुटका असो, जसा झाला तसा तो देव.

तिथंच माझं घोडं पेंड खायचं.

पहिल्या साली काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला ते अजून झोंबतं म्हणून बोलतो. मी मुखवटा केला. नाकपुड्या बकरीच्या वाटल्या, म्हणून वरून लगदा थापला. मंग गाल बसके दिसायला लागले, तिथं थापला. मंग कपाळ मागं गेल्यासारखं वाटलं. थरावर थर, थरावर थर. जयंतीच्या दिवशी म्हातारी माणसं दारात येऊन बसली, तेव्हा कुठं मी तो बाहेर आणला. दोघांनी धरून पारावर नेला. सळई आत जाईना, दोन-तीनदा तापवून कशीबशी घातली. तू तो तोंडावर चढवलास आणि तुझं डोकं जे खाली गेलं ते वर येईना. तसाच वाकून नाचलास. पाटलाला मांडीवर घेतलंस तेव्हा तो खालून ओरडत होता, "अरे, मुखवटा आवर, नाक फुटलं माझं!" लोकांना वाटलं, राक्षस गयावया करून राह्यला. काय टाळ्या पडल्या!

पुढं कित्येक दिवस तू मान तिरकी धरून हिंडलास. कुणी विचारलं तर म्हणायचास, उशी सरकली. आणि लोक मला येऊन सांगायचे, "दत्तू, ह्या साली नरसिंह काय वाकून पाहत होता रे! काळजात धस्स झालं." मला वाटलं, चेष्टा करून राह्यले. अजून बी तसंच वाटतं. तू म्हणलास, "न्हाई रे, खरंच म्हणून राह्यले." पण तू म्हणणारच. मानेला तेल चोळत चोळत म्हणत होतास, त्यावर कसा विश्वास ठेवू?

तो जड मुखवटा परत चढवण्याजोगा नव्हता, आणि त्यानंतर मी दुसरा पारावर नेला न्हाई. करायचो दर साली. दार लावून करायचो. आणि जयंती जवळ आली की रांजणात बुडवायचो आणि परत लगदा करायचो. तू हळदीनं तोंड माखून, अंबाडी बांधून नरसिंह व्हायचास. कुणी माझं नाव काढलं की म्हणायचास, "दत्तूचं चालू आहे. होईल." ह्या "होईल"चा मला भारी राग यायचा. तू मला सांभाळून घेत होतास, का चारचौघांत टोचत होतास? हे मला कधी ठरवता आलं न्हाई. आता विचारायला तू न्हाईस.

आणि तो ठाण्यातला जवान आल्ता ते आठवतं? दत्तू दिवसाढवळ्या दार लावून आत काहीतरी कुटतो, अशी कुणीतरी ठाण्यात कुणकुण लावली. दिवस तसे होते, कुणाचा कुणावर भरवसा न्हाई. मी तर घामानं थबथबलो. तू पुढं झालास आणि म्हणलास, "साहब, आत सिंह आहे. पण घाबरू नका, त्याला अजून मिशा फुटायच्यात." जवान हसत गेला. मी मात्र तेव्हापासून विचार करून राह्यलो की ठाण्यात सांगितलं कुणी? मला तर असंही वाटलं होतं की तूच सांगितलंस, मी भिऊन मुखवटा बाहेर काढावा म्हणून. रागावू नको. तुझ्या डोक्यात काय शिजत असेल ह्याचा नेम नव्हता.

सगळ्यात जुना वाद आपला कानाचा. तू एकदा म्हणलास, "दत्ता, तुह्या बापाच्या नरसिंहाचा डावा कान उजव्याच्या दीडपट होता." मी उसळलो. माझ्या बापाचा मुखवटा पाहून बाया पदर तोंडावर घ्यायच्या, जिवंत वाटायचा तो. आणि तू त्याला खोट काढतोस? तू म्हणलास, "खोट काढून न्हाई राह्यलो बाबा. मोठा होता, एवढंच. मी ल्हानपणी मोजून पाह्यलाय." मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत हिंडलो. एक म्हणला दोन्ही सारखे. एक म्हणला उजवा मोठा. एका आजीनं तर सांगितलं की त्याला कानच नव्हते, आयाळीत झाकलेले होते. मुखवटा वाळवीच्या पोटात गेलेला, गवाही कुणाची धरायची? माझा आजही पक्का शक आहे की तो कान तू रचलास. माझा हात सैल व्हावा म्हणून. पण कधीकधी बापाचं ते सोंग डोळ्यांपुढं येतं आणि डावीकडं काहीतरी जास्तीचं हललं असं वाटतं, ते का वाटतं ते कळत न्हाई.

आता गेल्या सालचं. जयंती जवळ आल्ती. मुखवटा झाला होता. इतका की मी स्वतःच त्याच्याकडं पाहायला बिचकत होतो. हलका होता, थर मोजून दिले होते. डोळे तर असे काढले होते की बाहुलीतला तांबड्या हिंगुळाचा ठिपका कुठूनही पाहा, तुमच्याकडंच बघणार. आणि म्हणूनच त्यात सळई घालायची कल्पना करवेना. मी ठरवलं, मंठ्याचा बाजार करून यायचं आणि आल्यावर बुडवायचा. जाताना त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं. आलो तर तोंड दाराकडं!

बायकोला विचारलं. ती म्हणली, "मी कशाला हात लावते तुमच्या लाडक्याला? एवढं न्हाऊमाखू घातलं, लेकरू असतं तर लग्नाला आलं असतं." मी तडक तुझ्याकडं आलो. तू ओट्यावर बसला होतास आणि तुझ्या पापण्या काळ्याकुट्ट. मी म्हणलं, हे काय? तू म्हणलास, "डोळे आलेत, काजळ घातलंय." बाप्या माणसानं, एवढं काजळ! मी म्हणलं, रंगनाथा, मुखवट्याला हात लावलास का? तेव्हा ती आईची शपथ. आत गंगावहिनी खुदकन हसल्याचा आवाज आला होता, ते बी मी विसरलो न्हाई.

मी मुखवटा बुडवला न्हाई. कसा बुडवणार? तो पुरावा होता. कणगीत दडवून ठेवला आणि वर्षभर सवडीनं काढून पाहायचो. कुठं बोटाचा ठसा, कुठं रंग उडालेला, कुठं आयाळीचा केस निघालेला. उन्हात धरून पाह्यलं, तिरका धरून पाह्यलं. काही सापडलं न्हाई. आतल्या अंगाला कधी पाह्यलंच न्हाई रे. आतून कोण पाहतंय, असं वाटायचं.

तुला मुदतीचा ताप चढला तेव्हा मी रोज येत होतो. वहिनी वैद्याच्या पुड्या द्यायच्या आणि मी उशाशी बसायचो. एकदा तू डोळे उघडलेस आणि म्हणलास, "दत्ता, डोळे पाड आता." मला वाटलं, बघा, आजाराचा बी फायदा घेऊन राह्यला. मी म्हणलं, "तू बरा हो, मंग बघू." तू हसलास. का हसलास? माझी फजिती कळली म्हणून, का बरं होणार न्हाई हे कळलं होतं म्हणून? मला त्या हसण्याचा अर्थ लागत न्हाई आणि लागला न्हाई तर मी काय करू सांग. एक "बरं" तेवढं म्हणायचं होतं मला. दोन अक्षरं. तीही मला नीट जुळवून म्हणायची होती आणि राहून गेली.

तुझे दिवस झाले आणि तुझा धाकटा भाऊ किसन माझ्या दारात उभा. तुझ्यासारखं गोड बोलणं त्याला जमत न्हाई. उंबऱ्याबाहेरूनच म्हणला, "दत्तूभाऊ, सोंग चुकवायचं न्हाई असं गाव म्हणतंय. मला नाचायचंय. मुखवटा द्या."

मी म्हणलं, "तुला कुणी पाठवलं?"

"कुणी न्हाई."

"रंगनाथ काही बोलला होता?"

"दादा तापात होता, तो काय बोलणार? तुम्ही देता का मी हळद कालवू, तेवढं सांगा. जल्दी न्हाई, पण जयंतीच्या आत सांगा."

मला वाटलं, हा पढवून ठेवलेला आहे. एवढा सरळ माणूस तुमच्या घरात निपजेलच कसा? मी त्याला उद्या ये म्हणलं. तो दुसऱ्या दिवशी आला, मी परत उद्या म्हणलं. गेल्या इतक्या वर्षांत तुला असं फिरवलं तेव्हा तू हसून सुपारी मागायचास. हा नुसता मान खाली घालून परत जायचा आणि पाठमोरा अगदी तुझ्यासारखा दिसायचा. परवा सकाळी मी मुखवटा कणगीतून काढला तो रांजणात बुडवायलाच. खोटं कशाला सांगू? म्हणलं, ज्याच्यासाठी केला तोच न्हाई, आता कुणाला दाखवायचा? बुडवायला म्हणून उलटा धरला, आणि तुझे ठिपके.

मी तिथं रांजणापाशीच बसलो. आधी तुला शिव्या दिल्या, आईच्या शपथेवरून. मंग ध्यानात आलं की तू कोळसा लावून, एकट्यानं, माझ्या घरात, तो तोंडावर दाबून पाह्यला होतास. माप घेतलं होतंस. तुला तो पसंत होता. तू मला कधी वा म्हणला न्हाईस, कारण वा म्हणलं की मी तोंडाकडं संशयानं बघतो हे तुला माहीत होतं. ठिपके मात्र तू पुसले न्हाईस. मी इतका रडलो रंगनाथा, की बायको धावत आली आणि तिला वाटलं विंचू चावला.

मुखवटा बगलेत मारून मी तुमच्या घरी गेलो आणि किसनला म्हणलं, "उद्या पारावर ये. आणि हे बघ, परत विचारू नको, न्हाईतर माझं मन फिरल."

काल जयंतीला गाव जमलं होतं. गेल्या कैक सालात पारावर मुखवटा आला न्हाई, त्यामुळं गर्दी जास्तच. मला सगळ्यांचीच तोंडं संशयास्पद वाटत होती. म्हातारे कुजबुजत होते, ते बापाशी तुलना करून राह्यलेत असं वाटलं. कुणी हसलं की वाटे, नाकपुड्यांना हसलं. किसनच्या पापण्यांना कोळसा लावला आणि मुखवटा दाबला. काढून पाह्यलं तर आत चार ठिपके. दोन तुझे, दोन त्याचे. त्याचे डोळे एका रेषेत आणि तुझ्यापेक्षा जवळजवळ.

बाहेरच्या बाहुल्या मी तुझ्या डोळ्यांवरून काढल्या होत्या, तुला कधी सांगितलं न्हाई ते. तुझ्या ठिपक्यांत सळई घातली असती तर भोकं नेमकी हिंगुळात पडली असती आणि एक कपचा उडाला नसता. पण मंग किसन आंधळा नाचला असता. एक म्हातारा म्हणला, "दत्तू, रंगनाथच्या खुणांत पाड, त्याचा आत्मा शांत होईल." मला क्षणभर ते पटलं बी. मंग शंका आली. ह्याला आत्म्याची काळजी कधीपासून? मी किसनकडं पाह्यलं. काळ्या पापण्या मिटून बिचारा उभा होता, नाचायच्या आधीच दमलेला.

मी त्याच्या ठिपक्यांत सळई घातली. मेथीचा जळका वास आला. एक भोक बाहुलीच्या आतल्या कडेला पडलं, दुसरं पार पांढऱ्यात गेलं आणि तिथला रंग फुटून निघाला. इतक्या वर्षांची मेहनत, रंगनाथा, आणि नरसिंह झाला तिरळा! माझा हात आपोआप रंगाच्या वाटीकडं गेला. बायकोनं वाटी उचलली आणि पदराखाली घेतली.

किसननं मुखवटा चढवला. कुणी चांगला म्हणेना, कुणी वाईट म्हणेना. मला वाटलं, आता हसतील. मी पुढं जाऊन किसनच्या तोंडाशी तोंड नेलं.

"किसन्या, दिसतंय का?"

"दिसतंय की."

"खोटं बोलू नको. काय दिसतंय सांग."

त्या दोन वाकड्या भोकांतून डोळे माझ्याकडं पाहत होते, ओले, काळे, जिवंत. मंग आतून आवाज आला, "तुम्ही दिसता, दत्तूभाऊ. रडून राह्यले तुम्ही."

संबळ वाजायला लागला. किसन मला हातानं बाजूला सारून खांबाकडं निघाला, आणि मी त्याला थांब म्हणलो न्हाई.